आखातातून माहेरी, ठरलेल्या सिझरसाठी

पहिलं बाळंतपण सिझरने झालेलं. दुसऱ्या खेपेलाही डॉक्टरांनी सिझरच सांगितलेलं. नवरा-बायको दुबईत, मस्कतला, दोह्याला किंवा कुवेतला. घरात तिसरं माणूस म्हणजे तीन-चार वर्षांचं थोरलं लेकरू. ऑपरेशननंतर टाके सांभाळायचे, बाळाला पाजायचं, थोरल्याला शाळेत सोडायचं, आणि नवऱ्याच्या हातात जेमतेम आठवड्याची सुट्टी. अमिरातीत खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने मिळतात ते कामाचे पाच दिवस. अशा वेळी आईने फोनवर "तू सरळ इकडे निघून ये, मी आहे ना" म्हटलं की निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. सातव्यात डोहाळजेवण, आठव्यात माहेर, नवव्यात सिझर. अशा कितीतरी मराठी मुली येतात आणि बहुतेकींचं सुखरूप पार पडतं.

पण ही तयारी बहुतेक घरांत उलट्या क्रमाने होते. आधी तिकीट, मग सुट्टी, मग माहेराजवळचं हॉस्पिटल, आणि सगळ्यांत शेवटी कोणीतरी विचारतं, "वार कुठे आहे म्हणाले?" खरं तर तोच प्रश्न पहिला. या लेखातलं बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

यावं की येऊ नये

विसाव्या आठवड्याच्या आसपास जी सविस्तर सोनोग्राफी होते, तीत वार गर्भाशयात कुठे चिकटली आहे ते लिहिलेलं असतं. वार वर असेल तर एक मोठी काळजी मिटली. ती खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, तरी लगेच घाबरायचं कारण नाही; गर्भाशय वाढतं तशी ती बहुतेकींच्या बाबतीत वर सरकते. मात्र आधी सिझर झालेल्या बाईची गोष्ट वेगळी. तिची वार खाली राहिली आणि जुन्या टाक्यांवर आली, तर ती गर्भाशयाच्या स्नायूत रुतण्याची भीती असते. अमेरिकेत तीस हजारांहून अधिक सिझर झालेल्या बायकांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. वार खाली असलेल्या बायकांपैकी दुसऱ्या सिझरच्या वेळी शंभरात अकरा जणींची वार रुतलेली निघाली. तिसऱ्या सिझरच्या वेळी हे प्रमाण शंभरात चाळीसवर गेलं. रुतलेली वार सुटत नाही, रक्तस्राव प्रचंड होतो आणि पुष्कळदा गर्भाशय काढावं लागतं. असं ऑपरेशन ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, भरपूर रक्त आणि अनेक तज्ज्ञ हाताशी असलेल्या मोठ्या हॉस्पिटलातच ठरवतात.

म्हणून वार खाली आहे असं विसाव्या आठवड्याला कळलं असेल, तर तिकीट काढू नका. तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: "वार जुन्या टाक्यांवर आहे का? पुन्हा कधी बघायचं?" ही फेरतपासणी सहसा ३२व्या आठवड्याला होते. तोपर्यंत विमानात बसता येण्याचे फार थोडे आठवडे उरतात, हे खरं. पण आधी येऊन मग कळण्यापेक्षा ते बरं. वार रुतल्याची शंका असेल तर मुलीने येण्याऐवजी आईने तिकडे जावं. आईसाठी व्हिसा काढणं, तिला एकटीला विमानात बसवणं, तिकडच्या स्वयंपाकघराची सवय होणं, हे सगळं अवघड असेल, पण वाटेत रक्तस्राव सुरू होण्याइतकं नाही.

वारेखेरीज आणखी काही गोष्टी प्रवासाच्या आड येतात: रक्तदाब वाढलेला असणं, या गरोदरपणात रक्त गेलेलं असणं, गर्भाशयाचं तोंड आखूड झालेलं असणं, आधीचं बाळ दिवस भरण्याआधी झालेलं असणं, पायात किंवा फुप्फुसात कधीकाळी रक्ताची गुठळी झालेली असणं. जुळी असतील तर सगळंच वेळापत्रक कित्येक आठवडे अलीकडे येतं. यातलं काहीही असेल तर "जाऊ का?" असा प्रश्न न विचारता "माझ्या जागी तुमची बहीण असती तर तिला पाठवलं असतं का?" असं विचारून बघा. डॉक्टर अधिक मोकळेपणाने बोलतात.

आणखी एक प्रश्न राहूनच जातो. सिझर लागणारच आहे का? पहिल्या वेळी गर्भाशयावर खालच्या बाजूला आडवा छेद घेतला असेल आणि दुसरी काही अडचण नसेल, तर पुढच्या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या चार जणींपैकी साधारण तिघींना ती होते. कळांमध्ये जुना टाका उसवण्याचा धोका दोनशेत एकीला असतो. धोका लहान, पण घडला तर काही मिनिटांत ऑपरेशन करावं लागतं. म्हणून हा प्रयत्न चोवीस तास सज्ज असलेल्या हॉस्पिटलातच करायचा. पुढे तिसरं मूल हवं असेल तर या पर्यायाचा विचार नीट करा, कारण प्रत्येक सिझरगणिक वारेचा धोका वाढत जातो. ही चर्चा तिकडे आणि इकडे, दोन्ही डॉक्टरांशी करा. दोघांची उत्तरं वेगळी आली तर कारण विचारा.

आठवड्यांचं गणित

कोणतीही गुंतागुंत नसेल तर ठरलेलं सिझर ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. त्याआधी केलं तर बाळाच्या फुप्फुसातलं पाणी नीट निघालेलं नसतं, श्वास जोराने चालतो, आणि धडधाकट दिसणाऱ्या बाळालाही दोन-चार दिवस काचेच्या पेटीत ठेवायची वेळ येऊ शकते. ३७व्या आठवड्यात हा धोका ३९व्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो. दोन आठवड्यांनी काय फरक पडतो, असं घरचे म्हणतात. खूप पडतो.

इथे मुहूर्ताबद्दल बोलायला हवं, कारण आपल्याकडे तो काढला जातोच आणि मुलगी परदेशातून आलेली असली की जरा जास्तच. श्रद्धेचा मान राखून सांगते: मुहूर्त ३९ आठवडे पूर्ण झाल्यानंतरच्या दिवसांतूनच निवडा, आणि वेळ सकाळी ते संध्याकाळी या दरम्यानची. गुरुजींना आधी डॉक्टरांनी दिलेल्या चार तारखा द्या आणि त्यांतूनच शुभ वेळ मागा. पहाटे तीनचा मुहूर्त असला की भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, परिचारिका सगळ्यांना झोपेतून उठवून आणावं लागतं, रक्तपेढीत एखादाच माणूस असतो. ठरवून करायच्या ऑपरेशनचा सगळा फायदा त्यात हातचा जातो.

३९ आठवडे मोजायचे ते पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून. पाळीच्या तारखेत घोळ असतो, शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून तारीख काढली तर चुकते. म्हणून ती पहिली सोनोग्राफी फाईलमध्ये सगळ्यांत वर ठेवा.

आता विमानाचं. एकच बाळ असेल तर बहुतेक कंपन्या ३६ आठवडे होईपर्यंत, जुळी असतील तर ३२ आठवड्यांपर्यंत बसू देतात. साधारण २८-२९ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र लागतं. त्यात प्रसूतीची अंदाजे तारीख, एकच बाळ की जुळी, आणि प्रवासाला हरकत नाही, एवढं स्पष्ट हवं. पत्र किती दिवसांपूर्वीचं चालतं याचा प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो, म्हणून तो वाचून मगच पत्र घ्या. माझ्या मते येण्याची उत्तम वेळ ३० ते ३३ आठवड्यांच्या दरम्यानची. इकडच्या डॉक्टरांना तुम्हाला दोन-तीनदा तपासता येतं, आणि आणखी एका घड्याळालाही हीच वेळ सोयीची पडते.

ते घड्याळ तुमच्या आखातातल्या निवास परवान्याचं. अमिराती, कतार, कुवेत आणि ओमान इथे सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर सर्वसाधारण निवास परवाना धोक्यात येतो. सौदीतून निघताना घेतलेल्या परतीच्या व्हिसाची मुदत असते, ती वाढवावी लागते. हिशेब करून बघा. २८व्या आठवड्यात निघालात आणि ३९व्याला बाळ झालं, तर ११ आठवडे, म्हणजे ७७ दिवस तिथेच संपले. १८० पैकी उरले १०३. त्यात जन्मदाखला, बाळाचा पासपोर्ट, कागदांचं प्रमाणीकरण आणि बाळाचा प्रवेश परवाना बसवायचा. ३२व्या आठवड्यात निघालात तर १३१ दिवस हातात राहतात. हा महिन्याचा फरक शेवटी फार उपयोगी पडतो.

माहेर एका गावात, ऑपरेशन दुसऱ्या

माहेर कणकवलीला, राधानगरीला किंवा अक्कलकोटला असेल, म्हणून सिझर तिथेच व्हायला हवं असं मुळीच नाही. हॉस्पिटल निवडताना चार गोष्टी बघा. भूलतज्ज्ञ तिथेच असतात की बोलावल्यावर येतात, आणि रात्री यायला किती वेळ लागतो. रक्तपेढी किती अंतरावर आहे आणि तुमच्या गटाचं रक्त आधी राखून ठेवता येतं का. आपल्याकडे निगेटिव्ह गटाचे लोक शंभरात पाचेकच, त्यामुळे तुमचा गट निगेटिव्ह असेल तर हे काम पंधरा दिवस आधी. नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे की बाळाला रुग्णवाहिकेतून न्यावं लागेल. आणि सिझरनंतर अचानक रक्तस्राव झाला तर तुमचे डॉक्टर पुढे कुठे पाठवतात. सिंधुदुर्गातले गंभीर रुग्ण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये जातात, सांगली-कोल्हापूरकडच्यांना मिरज माहीत असतं. ते पुढचं हॉस्पिटल दोन तासांवर असेल आणि तुमच्या गरोदरपणात थोडीही गुंतागुंत असेल, तर सिझर सरळ तिथेच ठरवा आणि आठवड्याने माहेरी जा.

निवडलेल्या डॉक्टरांशी तिकडून निघायच्या आधीच बोला. अहवाल पाठवा, व्हिडिओवर भेट घ्या, नाव नोंदवा. पस्तिसाव्या आठवड्यात आलेल्या अनोळखी पेशंटला घ्यायला चांगले डॉक्टरही का-कू करतात, आणि त्यांचं चूक नसतं.

फाईलमध्ये सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे आधीच्या सिझरची ऑपरेशन-नोंद. पोटावरची खूण आडवी दिसते म्हणून आतला छेदही आडवाच असेल असं नाही. गर्भाशयावर उभा छेद घेतलेला असेल तर पुढचं सिझर ३६-३७व्या आठवड्यातच करावं लागतं, आणि मग तुमचं अख्खं वेळापत्रक बदलतं. पहिलं बाळंतपण ज्या हॉस्पिटलात झालं तिथून ही नोंद मागवून घ्या. डिस्चार्ज कार्डावर एवढं लिहिलेलं नसतं. त्याबरोबर रक्तगट, साखर आणि थायरॉइडचे अहवाल, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या, सगळ्या सोनोग्राफी, आधी भूल देताना काही त्रास झाला होता का याची नोंद, कोणत्या औषधाची अॅलर्जी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमाराचं अँटी-डी इंजेक्शन दिल्याची तारीख. आखातात सगळं मोबाइलवर दिसतं. इकडे छापील कागद हवेत. दोन प्रती काढा, एक प्रत विमानात हातातल्या पिशवीत.

इथे आल्यावर पहिल्या सोनोग्राफीला ओळखपत्र मागतील, एक फॉर्म भरून घेतील. तो कायद्याने प्रत्येक गरोदर बाईचा भरावाच लागतो. मुलगा की मुलगी हे तिकडे तुम्हाला कळलं असेल, तिकडच्या अहवालात ते छापलंही असेल. इथे त्याबद्दल डॉक्टरांशी एक शब्दही बोलू नका, विचारू नका, घरच्यांना विचारू देऊ नका. १९९४चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा सांगणाऱ्याला आणि विचारणाऱ्याला, दोघांनाही तुरुंगात धाडतो. तो कायदा का करावा लागला हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

पैशांचं थोडक्यात. तिकडचा विमा भारतात चालतो का, आणि चालत असेल तर ठरवून केलेल्या प्रसूतीला चालतो का, हे लेखी विचारा. पुष्कळ योजनांत देशाबाहेर फक्त आकस्मिक उपचार येतात. भारतातल्या विम्यात प्रसूतीसाठी प्रतीक्षा कालावधी असतो, आता घेऊन उपयोग नाही. हॉस्पिटल पॅकेज सांगेल तेव्हा त्यात काय नाही ते विचारा. बहुधा बाळाची अतिदक्षता, रक्त आणि ठरल्यापेक्षा जास्त राहिलेले दिवस त्यात नसतात. तेवढी रक्कम बाजूला ठेवा.

वाटेत, आणि तारखेच्या आधी

आखातातून मुंबई तीन-चार तासांची. खरा प्रवास तिथून पुढे सुरू होतो. मुंबईहून कोल्हापूर किंवा रत्नागिरी म्हणजे गाडीत विमानापेक्षा दुप्पट वेळ बसणं. गरोदरपणात पायात रक्त गोठण्याचा धोका वाढलेला असतो, आणि त्याला विमान काय नि गाडी काय, सारखीच. मुंबईत एक रात्र काढा, नाहीतर पुणे किंवा गोव्याचं विमान मिळतंय का बघा. गाडी दर तास-दीड तासाने थांबवून पाच मिनिटं चाला. पाणी भरपूर प्या. सीटबेल्ट पोटाच्या खालून, मांड्यांवरून घ्या. विमानात बाजूच्या वाटेलगतची जागा मागा. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं दिली असतील तर प्रवासाच्या दिवशी ती कशी घ्यायची ते विचारून ठेवा. आपल्या मनाने चुकवू नका.

पावसाळ्यात येत असाल तर डासांची काळजी घ्या. २०२४च्या जून-जुलैत पुण्यात गरोदर बायकांमध्येही झिका सापडला होता, आणि डेंग्यू तर दर वर्षीचा. माहेरच्या घरात मच्छरदाणी लावून घ्या, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरा.

ठरलेल्या तारखेची वाट पाहणाऱ्या दहा जणींपैकी एकीला त्याआधीच कळा येतात. म्हणून ३७ आठवडे झाले की हॉस्पिटलपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत राहायला या. शहरात मावशी असेल, काका असतील, त्यांच्याकडे पंधरा दिवस. आईला वाईट वाटेल, पण तीही तिथे येऊन राहू शकते. पाणी जायला लागलं, रक्त दिसलं, ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या, जुन्या टाक्यांवर सतत दुखायला लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न पाहता निघायचं. गाडी नसेल तर १०८. हा निर्णय कोण घेणार, कोणाच्या गाडीतून जायचं, थोरल्याला कोणाकडे ठेवायचं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. फोनवरून नवऱ्याला विचारण्यात वेळ घालवू नका. तो आधीच "निघा" म्हणून मोकळा झालेला हवा.

बाळाचे कागद

सगळ्यांत जास्त अडकतात ती कुटुंबं इथे. ऑपरेशन सुखरूप होतं, बाळ गुटगुटीत असतं, आणि आई चार महिने माहेरी अडकून पडते ती एका अक्षरामुळे.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायची असते आणि हॉस्पिटल ती करतं. नोंद होते ती बाळ जिथे जन्मलं त्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत. सिझर कोल्हापूरला झालं तर दाखला कोल्हापूर महापालिकेचा, माहेर कुठेही असो. हॉस्पिटलातला तो फॉर्म बहुतेक वेळा बाळाचे आजोबा किंवा मामा भरतात, कारण तुम्ही खाटेवर आणि नवरा परदेशात. ते प्रेमाने घरातलं नाव लिहितात, सासरचं नाव लिहितात. तुमच्या पासपोर्टवर मात्र माहेरचं नाव असतं. नवऱ्याच्या पासपोर्टवर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं असतं. मग दाखला एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, आणि पुढचं प्रत्येक कार्यालय त्यावर बोट ठेवतं. उपाय साधा आहे. एका कागदावर आई-बाप दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच, मोठ्या इंग्रजी अक्षरांत आणि मराठीत लिहा, पासपोर्टच्या प्रती जोडा, आणि तो कागद फाईलच्या पहिल्या पानावर ठेवा. फॉर्म भरणाऱ्याने तो समोर ठेवूनच लिहायचं. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर तपासा.

बाळाचं नाव. बारसं बाराव्या दिवशी थाटात करा, पण नाव सिझरच्या आधी ठरलेलं असू द्या आणि नोंदीतच जाऊ द्या. नाव नंतरही टाकता येतं, वर्षभरापर्यंत त्याला शुल्क नाही. पण ती एक खेप वाढते, आणि नावाशिवायच्या दाखल्यावर पासपोर्टचं काम अडतं. नियमही आता कडक झाले आहेत. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही.

नाव भरताना नाव आणि आडनाव हे दोन्ही रकाने भरलेले हवेत. आपल्या पद्धतीप्रमाणे बाळाचं आणि वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टला अमिराती भेटीच्या व्हिसावर नोव्हेंबर २०२२ पासून प्रवेश देत नाहीत. बाळाच्या कागदात ही कटकट मुळातच नको.

पासपोर्टसाठी अर्ज ऑनलाइन भरून भेटीची वेळ घ्यायची. मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजी इथे विभागीय कार्यालयं आहेत, शिवाय अनेक जिल्ह्यांत पोस्टातली केंद्रं. मुलांसाठी शुल्क १००० रुपये, तत्काळ हवा असेल तर त्यावर आणखी २०००. चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आपणच न्यायचा. डोळे उघडे हवेत, म्हणून पोट भरल्यावर आणि झोप येण्याआधी काढा. आई-बाप दोघांच्या सहीचं 'अनेक्श्चर डी' हे घोषणापत्र लागतं. नवरा तिकडेच असेल तर त्याने आपलं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून आधीच पाठवायचं. बाळंतपणासाठी तो येऊन गेला आणि हे राहिलं, असं पुष्कळांचं होतं. दोघांच्या पासपोर्टवर एकमेकांची नावं नोंदलेली नसतील तर विवाह नोंदणीचा दाखला लागेल. तो महाराष्ट्रात यायच्या आधीच काढून ठेवा.

पुढचा टप्पा प्रमाणीकरणाचा. जन्मदाखल्यावर आधी राज्य शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. ओमान, बहरीन आणि सौदीला मंत्रालयाचा तेवढा एक शिक्का, म्हणजे अपोस्टिल, पुरतो. अमिराती, कतार आणि कुवेतसाठी त्या त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागतो, आणि तिकडे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. दाखल्याच्या चार-पाच मूळ प्रती घ्या. बाळाच्या प्रवेशाचा अर्ज बाप तिकडून करतो. त्याच्या पगाराची, घराच्या कराराची कागदपत्रं तयार असली तर काम लवकर होतं.

अमेरिका-युरोपातून येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. आई अमेरिकेची ग्रीन कार्डधारक असेल, तर भारतात जन्मलेलं बाळ दोन वर्षांच्या आत, तिच्याबरोबर तिच्या पहिल्याच परतीच्या प्रवासात, व्हिसाशिवाय जाऊ शकतं. पहिल्याच परतीच्या, हे महत्त्वाचं. मध्येच एकटीने फेरी मारू नका. आणि आई-बाप दोघांनीही परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, हातात ओसीआय कार्ड असलं तरी, इथे जन्मलेलं बाळ भारतीय नागरिक होत नाही. त्याचा पासपोर्ट त्या देशाच्या वकिलातीतून काढायचा आणि भारतातून बाहेर पडण्याची परवानगी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन मागायची.

ऑपरेशननंतर

दुसऱ्या दिवशीपासून उठून चालायला लावतील. चाला. दुखेल, पण पायात रक्त गोठू नये यासाठी त्याहून चांगला उपाय नाही. घरी आल्यावर आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, सगळं खा. मालिश करणारी मावशी येईल. तिला पाठ, पाय, डोकं चोळू द्या, पोटाला मात्र टाके पूर्ण भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत हात लावू देऊ नका. शेगडीची धुरी बाळाच्या खोलीत नको. बाळाला सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काहीही नको, मध नको, गुटीही नको. आजीला हे पटवायला बालरोगतज्ज्ञांना सांगा, त्यांचं ती ऐकेल. टाक्यांतून पू, ताप, एकाच पायावर सूज, अचानक धाप किंवा फार रक्त जाणं, यातलं काहीही झालं तर आधी हॉस्पिटल, नंतर घरगुती उपाय.

मन खचलं तर तेही आईजवळ बोला. नवरा लांब, थोरलं मूल चिडचिडं, शरीर थकलेलं. दोन आठवडे रडू येत राहिलं आणि बाळाकडे बघावंसंही वाटेना, तर डॉक्टरांना सांगायचंच. माहेरी आलेल्या मुलीला सगळं सुखच असणार असं सगळे गृहीत धरतात, आणि ती गप्प राहते.

परतीचं तिकीट सहा आठवड्यांच्या आतलं काढू नका. रक्त गोठण्याचा वाढलेला धोका बाळंतपणानंतर साधारण तेवढा काळ राहतो, आणि बाळाची दीड महिन्याची लसही होऊन जाते. जन्मानंतरची बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस हॉस्पिटलातच मिळते. तारखा आणि लसींची नावं कार्डावर इंग्रजीत लिहून घ्या, तिकडचे डॉक्टर त्यावरूनच पुढची लस ठरवतील. तारीख बदलता येणारं तिकीट घ्या, कारण बाळाचा प्रवेश परवाना कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. विमानात पाळण्याची जागा हवी असेल तर तिकीट काढतानाच मागा. विमान वर चढताना आणि उतरताना बाळाला अंगावर पाजा, म्हणजे कान दुखत नाहीत. आणि बॅगा उचलायला, थोरल्याला सांभाळायला कोणीतरी बरोबर हवं. नवरा अमिरातीत नोकरीला असेल तर त्याची ती पाच दिवसांची सुट्टी बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. जमलं तर त्यातले दोन दिवस या प्रवासासाठी राखून ठेवायला सांगा.